सृती, प्रसरण आणि मान

खगोलशास्त्रावरचं मराठी लेखन वाचताना ‘ताम्रसृती’ हा शब्द आला की पुष्कळ वाचक त्याला वळसा घालून पुढे जातात. शब्द जड आहे, बोलण्यात येत नाही, आणि ‘रेडशिफ्ट’ कानाला सवयीचा झालेला आहे. पण गेल्या पन्नासेक वर्षांत दीर्घिकांच्या ज्या प्रचंड पाहण्या झाल्या, त्या या एका राशीवर उभ्या आहेत. आणि हा शब्द नीट उकलला, तर त्या पाहण्यांत डोळ्यांना काय दिसतं आणि बुद्धीला काय ताडावं लागतं, हे मराठीत फार स्वच्छ सांगता येतं.

‘ताम्र’ परका नाही. आपला ‘तांबडा’ तांब्यातूनच आलेला आहे. ‘सृती’ ही ‘सृ’ या धातूची लेक. सरणं, पुढे जाणं, वाहणं हा त्याचा अर्थ. ‘दिवस सरला’, ‘जरा पलीकडे सर’ असं आपण म्हणतो, तिथे हाच धातू बोलत असतो. सरिता त्याच्यातून निघाली, संसारही त्याच्यातूनच. जर्मन भाषेत याला ‘रोटफर्शीबुंग’ म्हणतात, आणि त्यात ढकलण्याची, जागेवरून हलवण्याची छटा आहे. सृतीत ढकलणारा कुणी नाही. काहीतरी आपसूक सरलेलं आहे, एवढंच तो शब्द सांगतो. कुणी ‘च्युती’ही सुचवली असती, पण च्युत होणं म्हणजे पडणं, पदावरून ढळणं. त्यात नकळत एक दोष चिकटतो. सृती निर्दोष आहे.

सरतं काय? वर्णपटातली रेषा. सूर्यप्रकाश लोलकातून जाऊन भिंतीवर जो रंगीत पट्टा उमटला, त्याच्यासाठी न्यूटनने १६७२ सालच्या आपल्या प्रसिद्ध पत्रात ‘स्पेक्ट्रम’ हे लॅटिन नाव वापरलं. त्याचा अर्थ ‘जे दिसतं ते’, आणि ओघानं ‘आभास’ही, इंग्रजीतलं भूत, म्हणजे ‘स्पेक्टर’, त्याच घरातलं. या शब्दाचं मूळ आणि आपल्या ‘स्पष्ट’ या शब्दाचं मूळ एकच आहे. भाषा हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तिकडे त्या मुळातून आभास निघाला आणि इकडे स्पष्टता.

मराठीतला ‘वर्णपट’ मला मूळ शब्दापेक्षाही सरस वाटतो. वर्ण म्हणजे रंग, आणि वर्ण म्हणजे अक्षर. वर्णपट रंगांचा तर आहेच, पण तो अक्षरांचाही आहे, हे अगदी शब्दशः खरं आहे. योसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा टिपल्या आणि त्यातल्या ठळक रेषांना रोमन अक्षरं दिली. सोडियमची जोडी ‘डी’ झाली, जांभळ्या टोकाजवळची एक रेषा ‘एच’ झाली, आणि तिच्या शेजारणीला पुढे ‘के’ हे अक्षर मिळालं. एच आणि के या कॅल्शियमच्या रेषा. आजही एखाद्या म्हाताऱ्या दीर्घिकेचा वर्णपट पडद्यावर आला की खगोलशास्त्रज्ञाची नजर आधी या दोन अक्षरांवर जाते.

प्रयोगशाळेत के रेषा ३९३४ अँगस्ट्रॉमवर असते आणि एच ३९६८ वर. समजा, एका दीर्घिकेच्या वर्णपटात ही जोडी ४३२७ आणि ४३६५ वर सापडली. दोन्ही रेषांची तरंगलांबी त्याच प्रमाणात, एक दशांशाने वाढलेली आहे. मग त्या दीर्घिकेची ताम्रसृती ०.१. खगोलशास्त्रज्ञ बोलताना नुसतं ‘झेड’ म्हणतात: झेड शून्य पूर्णांक एक. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १३० कोटी वर्षं लागली.

या उदाहरणात तांबडा रंग कुठे आहे? कुठेच नाही. रेषा जांभळ्या कडेवरून निघाली आणि निळ्याच्या उंबऱ्याशी थांबली. ‘ताम्र’ इथे रंग सांगत नाही, दिशा सांगतो. तरंगलांबी ज्या बाजूला वाढते ती बाजू. रेडिओ दुर्बिणीत हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर लांबते तेव्हा ती तांबड्यापासून आणखी दूर जाते, तरी तिलाही ताम्रसृतीच म्हणतात. म्हणून या समासात उत्तरपद महत्त्वाचं: सृती.

पहिलं माप तर उलट्या दिशेचंच निघालं. अ‍ॅरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ मध्ये देवयानीतल्या सर्पिल तेजोमेघाचा वर्णपट घेतला. त्या काळी एका काचेवर तासन्‌तास, रात्रीमागून रात्री प्रकाश साठवावा लागे. रेषा निळ्याकडे सरलेल्या होत्या. तेजोमेघ सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होता. ही नीलसृती झाली. पण स्लायफर थांबले नाहीत, आणि १९१७ पर्यंत त्यांच्याकडे २५ सर्पिलांची मापं होती. त्यातली २१ दूर जाणारी. एडविन हबल यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. स्लायफर यांचंही तितकंच ठाऊक असायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं. हबल यांच्या १९२९ च्या, अंतरासमोर वेग मांडणाऱ्या आलेखातले बरेचसे वेग स्लायफर यांनी मोजलेले होते.

आता या शब्दाचा गाभा. विश्व फुगतं आहे, याला आपण म्हणतो विश्वाचं प्रसरण. ‘प्रसरण’ म्हणजे प्र अधिक सरण, धातू पुन्हा ‘सृ’. रेषेची सृती आणि विश्वाचं प्रसरण, एकाच मुळाची दोन रूपं. इंग्रजीत ‘शिफ्ट’ आणि ‘एक्स्पान्शन’ यांचं काही नातं नाही. मराठीत मात्र दिसणारी गोष्ट आणि तिचं कारण एका घरात नांदतात. हे ऐकायला गोड आहे, आणि म्हणूनच इथे जपून राहायला हवं. धातू एक असला म्हणून कारण सिद्ध होत नाही. सृती दिसते. प्रसरण हा तिचा लावलेला अर्थ आहे.

हा भेद पुस्तकी नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यात ‘आयुका’ ही खगोलसंशोधन संस्था उभी करणारे जयंत नारळीकर आयुष्यभर हाच भेद समोर ठेवत राहिले. फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी १९६० च्या दशकात गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यात कणांचं वस्तुमान कायमचं ठरलेलं नसतं, ते काळाबरोबर बदलू शकतं. पूर्वी इलेक्ट्रॉन हलका असेल, तर त्या काळच्या अणूने दिलेला प्रकाशही जास्त लांबीचा असणार. म्हणजे रेषा सरलेली दिसेल, आणि त्यासाठी अवकाश ताणलं जायला नको. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी ही वाट धरली नाही. दूरच्या अतिदीप्त ताऱ्यांचा, म्हणजे सुपरनोव्हांचा उजेड ओसरायला लागणारा वेळही ताम्रसृतीच्या प्रमाणात लांबलेला दिसतो. शिवाय सूक्ष्मतरंगांचं पार्श्वप्रारणही आहे. प्रसरणाच्या बाजूने पुरावा भक्कम आहे, आणि मलाही तो पटतो. पण नारळीकरांचा आग्रह शब्दाच्या पातळीवर शंभर टक्के योग्य होता. मोजली ती सृती, वेग नव्हे. ‘ही दीर्घिका अमुक वेगाने पळते आहे’ असं आपण सहज लिहून जातो, तेव्हा निरीक्षण सोडून अर्थाकडे गेलेलो असतो.

‘दीर्घिका’ हाही शब्द मजेशीर आहे. ‘गॅलक्सी’त ग्रीकांचं दूध आहे, आपल्याकडे आकाशात गंगा होतीच. मग बाकीच्या असंख्य तारकासमूहांना काय म्हणायचं? निवडलेली ‘दीर्घिका’ संस्कृतात लांबट तळं, वापी. अमरकोशात ती वापीच्याच जोडीला येते. गंगा एक, तळी अनेक. बंगालीत हाच शब्द झिजून ‘दीघी’ झाला, आणि कोलकात्याच्या मधोमध जे जुनं तळं आहे, त्याचं नाव लालदीघी. शब्दशः, लाल दीर्घिका. आकाशातल्या लाल दीर्घिकांचा या पाहण्यांत मोठा मान आहे. त्या लाल दिसतात त्या त्यांच्यातल्या वयस्क ताऱ्यांमुळे, सृतीमुळे नव्हे. ‘स्लोन’ नावाच्या आकाशपाहणीतल्या सुमारे ४७ हजार अशा दीर्घिका घेऊन डॅनियल आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की दीर्घिकांच्या विखुरण्यात सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांचं एक ठरावीक अंतर पुन्हा पुन्हा डोकावतं.

आणि ‘सर्वेक्षण’? सर्व अधिक ईक्षण. शब्द सरकारी आहे, आणि किंचित खोटाही, कारण सगळं कधीच पाहिलं जात नाही. मी ‘पाहणी’ म्हणेन. पेशव्यांच्या महसुली दप्तरांतला हा शब्द गावोगावी अजून जिवंत आहे. पीक पाहणीत जसं गट नंबरापुढे पीक आणि क्षेत्र लिहितात, तसंच या पाहणीत आकाशातल्या प्रत्येक नोंदीपुढे सृती आणि वस्तुमान लिहिलं जातं.

न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट इथली स्लोन पाहणी २००० साली सुरू झाली, तेव्हा ही नोंद हातांनी घडत होती. आकाशाचा जो तुकडा पाहायचा, त्याच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची एक पातळ गोल चकती बनवायची. निवडलेल्या दीर्घिका जिथे पडतील, नेमक्या तिथे छिद्रं पाडायची. दिवसा माणसं बसून त्या ६४० छिद्रांत काचेचे ६४० तंतू एकेक करून खोचत. कुठला तंतू कुठल्याही छिद्रात गेला तरी चालायचं; नंतर लेझरने प्रत्येक तंतू कुठे आहे ते पडताळून यादी बनायची. रात्री दुर्बीण त्या तुकड्याकडे रोखली की एका वेळी ६४० वर्णपट. आता अ‍ॅरिझोनात किट पीकवर ‘डेसी’ या उपकरणात पाच हजार छोटे यांत्रिक हात स्वतःच तंतू जागेवर नेतात. ते हात दहा पाचरींत बसवले आहेत, आणि तिथली माणसं त्या पाचरींना पाकळ्या म्हणतात. मार्च २०२५ मध्ये या पाहणीचा पहिला मोठा साठा खुला झाला, त्यात १ कोटी ३० लाखांवर दीर्घिका आहेत.

तंतूला जाडी असते. स्लोनच्या चकतीवर दोन छिद्रं ५५ कोनीय सेकंदांपेक्षा जवळ घेता येत नसत. म्हणून दाटीवाटीने असलेल्या दीर्घिकांपैकी काही वगळाव्या लागत. शंभरातल्या सहासात तरी. ज्या ‘ईक्ष्’ धातूतून सर्वेक्षण आलं, त्याच्यातूनच ‘उपेक्षा’ही आली, आणि इथे दोघी एकाच चकतीवर भेटतात. संशोधक या उपेक्षितांचा हिशेब वेगळा मांडतात, कारण गर्दीत राहणाऱ्याच नेमक्या गळाल्या तर पुंजक्यांचं चित्र बिघडतं.

राहिला दुसरा रकाना, वस्तुमान. इंग्रजीतलं ‘मास’ लॅटिन ‘मास्सा’वरून, आणि ते ग्रीक ‘माझा’वरून आलं, म्हणजे सातूची भाकरी, मळलेला गोळा. मराठी शब्दात गोळा नाही, माप आहे. ‘मा’ म्हणजे मोजणं. परिमाण, प्रमाण त्याच्यातलेच, आणि ‘अनुमान’ही त्याच्यातलंच. दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाबाबत ही शेवटची बहीण सगळ्यांत जवळची. तारे वेगळे दिसत नाहीत, वजन करायला काटा नाही. असतो तो प्रकाश, त्याचे रंग आणि वर्णपट. त्यावरून ताऱ्यांचं वय ताडायचं, वयावरून दर एका सूर्याएवढ्या उजेडामागे किती वस्तुमान असेल ते, आणि मग बेरीज.

२००३ मध्ये ग्विनेव्हिअर कॉफमन आणि सहकाऱ्यांनी स्लोनमधल्या सुमारे १ लाख २२ हजार दीर्घिकांसाठी हे केलं. वर्णपटात ४००० अँगस्ट्रॉमवर उजेडाची एक पायरी असते; तारे जितके म्हातारे, तितकी ती उंच. तिच्या जोडीला त्यांनी हायड्रोजनची एक रेषा घेतली, जी गेल्या अब्जभर वर्षांत तारे एकदम जन्मले असतील तर गडद होते. या दोन खुणांवरून जे निघालं ते अजून शिकवलं जातं. सूर्याच्या सुमारे ३ हजार कोटी पट वस्तुमानापाशी दीर्घिकांची दोन कुळं विभागतात. त्याखाली तरुण ताऱ्यांच्या, त्यावर बहुतांश जुन्या ताऱ्यांच्या.

पण या बेरजेत एक गृहीतक दडलेलं असतं. एका खेपेत तारे जन्मतात तेव्हा मोठे किती आणि लहान किती? लहान तारे उजेड फारसा देत नाहीत, वस्तुमान मात्र त्यांच्यातच पुष्कळ असतं. एडविन सालपीटर यांनी १९५५ मध्ये दिलेलं प्रमाण धरलं, तर प्रत्येक दीर्घिकेचं वस्तुमान नंतरच्या सुधारित प्रमाणांपेक्षा दीडपटीहून अधिक येतं. म्हणजे गृहीतक बदललं की कोट्यवधी नोंदींचा तो रकाना एका झटक्यात बदलतो. शेजारच्या रकान्यातली सृती चौथ्या दशांश स्थळापर्यंत जिथल्या तिथे असते.

आपण बोलताना हा फरक करतो. रेषा मोजली म्हणतो, वस्तुमान काढलं म्हणतो. मराठीत या पाहण्यांबद्दल लिहिणाऱ्यांनी ही दोन क्रियापदं एकमेकांच्या जागी वापरू नयेत, एवढीच माझी विनंती आहे.