निसर्गाचे मोल : सर्वेक्षणाधारित मूल्यमापन

जंगल, पाणथळ, किनारा यांना बाजारभाव नसतो. त्यांच्या रक्षणासाठी किती रक्कम द्याल, असे लोकांनाच विचारून मोल ठरविण्याच्या पद्धतीस सर्वेक्षणाधारित मूल्यमापन म्हणतात. अलास्कातील १९८९ च्या ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ तेलगळतीनंतर ती वादग्रस्त ठरली. केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो यांच्या समितीने १९९३ मध्ये तिच्यासाठी कसोट्या आखल्या. थेट रक्कम न विचारता ठरावीक रकमेवर होय-नाही असा कौल घ्यावा, ही त्यांतील एक.

मुंबईतील बोरिवली राष्ट्रीय उद्यानाविषयीचा असा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षे दरमहा सरासरी साडेसात रुपये देण्याची कुटुंबांची तयारी दिसली. एकूण वर्तमान मूल्य १०३ कोटी ३० लाख रुपये निघाले.

मात्र उत्तर ऐपतीवर अवलंबून असते. उद्यानातील आदिवासी पाड्यांचा जंगलाशी असलेला संबंध रुपयांत मावत नाही.

सिंगापूरच्या लिटिल इंडियातील टेक्का बाजाराचे जुने नाव ‘कंडांग कर्बाव’, म्हणजे म्हशींचा गोठा. गुरांना पोसणारी तिथली गवताळ जमीन शहराखाली गेली, तेव्हा ही पद्धतच नव्हती. आकडा अपुरा असला, तरी न मोजलेल्या गोष्टीची किंमत हिशेबात शून्यच धरली जाते.