छातीवरची सही

वस्त्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोनच ठिकाणी लिहिला जातो : संग्रहालयाच्या सूचीत आणि वृत्तपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत. साहित्याच्या अभ्यासकाने टी-शर्टकडे गांभीर्याने पाहावे असे त्यात काही असेल, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. पण गेल्या चाळीसेक वर्षांत अमेरिका, इंग्लंड आणि जपान येथील तरुणांनी ज्या पेहरावाला ‘स्ट्रीटवेअर’ हे नाव दिले, त्याचा इतिहास मुळात कापडाचा नाहीच. तो अक्षरांचा आहे. कापड तेच राहते, सुती, गोल गळ्याचे, स्वस्त. बदलतात त्यावरची अक्षरे आणि ती अक्षरे कोणाची यावरचे वाद. कोणी कोणाकडून उसने घ्यावे, घेतल्यावर ते कोणाचे होते, आणि एकाच कृतीला एकदा चोरी व दुसऱ्यांदा प्रेरणा का म्हटले जाते, हे आपल्या समीक्षेच्या ओळखीचे प्रश्न तेथे दुकानांत आणि न्यायालयांत लढवले गेले आहेत.

टी-शर्ट हा मुळात अंतर्वस्त्राचा प्रकार. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाने तो गणवेशाच्या आत घालण्यासाठी स्वीकारला. १९४२ च्या जुलैत ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या तोफखाना शाळेचे नाव छातीवर मिरवणारा एक सैनिक झळकला. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत टॉमस ड्यूई यांच्या प्रचाराचे सदरे निघाले. मार्लन ब्रँडो आणि जेम्स डीन यांनी पडद्यावर या अंतर्वस्त्राला बंडखोराचे बाह्यवस्त्र केले, ही कथा सर्वश्रुत आहे. मला तिच्याहून महत्त्वाचे वाटते ते छपाईचे तंत्र. ताणलेल्या जाळीवर आकृती सोडून बाकीची छिद्रे बुजवायची आणि रबरी पट्टीने शाई ओढायची, एवढेच स्क्रीन प्रिंटिंगचे मर्म. लग्नपत्रिका छापणाऱ्या आपल्याकडच्या लहान छापखान्यांनाही ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चार-दोन चौकटी, एक टेबल आणि वाळवण्यापुरती दोरी असली की एखाद्या मोटार-गॅरेजात प्रकाशनसंस्था उभी राहते. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांना चक्रमुद्रणाने जे दिले, तेच तेथील स्वतंत्र रचनाकाराला या जाळीने दिले : संपादकाची परवानगी न घेता छापण्याची सोय.

या सोयीचा सर्वांत थेट उपयोग इंग्लंडच्या कॅथरिन हॅम्नेट यांनी केला. १९८४ साली १०, डाउनिंग स्ट्रीट येथील स्वागतसमारंभात त्या मार्गारेट थॅचर यांना भेटल्या, तेव्हा ५८ टक्के लोकांना पर्शिंग क्षेपणास्त्रे नको आहेत, असे सांगणारी ठसठशीत काळी अक्षरे त्यांच्या सदऱ्यावर होती. दुरून वाचता यावे इतके मोठे अक्षर हा त्यांचा आग्रह होता, आणि आपली वाक्ये इतरांनी खुशाल उचलावीत ही त्यांची भूमिका. वाक्य पसरले पाहिजे. लेखिकेचे नाव मागे राहिले तरी चालेल. स्ट्रीटवेअरची मुख्य धारा मात्र याच्या नेमकी उलट गेली. तिला वाक्यात फारसा रस नव्हता; तिला नाव हवे होते.

न्यूयॉर्कमध्ये ‘टाकी १८३’ या नावाने भिंतींवर आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत लिहिणाऱ्या मुलाविषयी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९७१ साली वृत्तांत छापला. टाकी हे त्याचे टोपणनाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. त्याला काही सांगायचे नव्हते, फक्त सही करायची होती. पुढच्या दशकात त्या शहराच्या आगगाड्या अशा नावांनी भरून गेल्या. लिहिणाऱ्याचे नाव सर्वत्र आणि चेहरा कोठेही नाही. पोलिसांपासून तो लपवायला डोक्यावर ओढलेली हुडी कामी येई. नावाची जाहिरात आणि तोंड झाकणे ही जोडी येथे प्रथम जमली, हे ध्यानात ठेवावे. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

दुसरी सही अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची. कॅलिफोर्नियातील लगुना बीच येथे शॉन स्टूसी हा तरुण लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या घडवीत असे आणि प्रत्येक फळीवर जाड शाईलेखणीने आपले आडनाव झोकदारपणे लिही. १९८० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्याने तीच सही फळ्यांच्या प्रसिद्धीसाठी काही टी-शर्टांवर छापली. गिऱ्हाइकांना फळ्यांपेक्षा सदरेच हवेसे वाटू लागले आणि त्यातून कंपनी उभी राहिली. १९९६ साली स्टूसी स्वतः ती सोडून गेला. सही मात्र राहिली. आजही जगभर त्याच वळणाने ती विकली जाते.

मराठीच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा कर्त्याहून दीर्घायुषी असते, आणि तिच्याखाली दुसऱ्याची रचना सहज सामावते. नामदेवांच्या गाथेत शिरलेले विष्णुदास नाम्याचे अभंग वेगळे काढताना आपल्या संशोधकांची किती शक्ती खर्च झाली, हे आपण जाणतो. फरक इतकाच की तेथे मुद्रेची मालकी कोणाच्या नावावर नोंदवलेली नव्हती. स्टूसीच्या मुद्रेची ती आहे, आणि मालक मुद्रेचा धनी नव्हे.

याच स्टूसीने एकमेकांत गुंतलेले दोन ‘एस’ काढून शनेलच्या गुंतलेल्या ‘सी’ची थट्टा केली होती. स्वतःची सही आणि श्रीमंताच्या सहीची नक्कल, हे दोन्ही हात स्ट्रीटवेअरला आरंभापासून होते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त ‘हरण’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिले आणि चौर्याच्या बाबतीत कवी व व्यापारी यांना एकाच पंगतीला बसवले, याची येथे आठवण होते. ती पंगत न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कशी बसली, ते जरा विस्ताराने पाहण्याजोगे आहे.

डॅनियल डे, ऊर्फ डॅपर डॅन, याने १९८२ साली हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर दुकान काढले. ते दिवसरात्र उघडे असे. गिऱ्हाईक म्हणजे जुगारी, अमली पदार्थांचे व्यापारी, मुष्टियोद्धे आणि नव्याने पैसा पाहू लागलेले रॅप गायक. गुची, लुई व्हिताँ, फेंडी यांच्या पेढ्यांत या माणसांचे स्वागत होत नसे. आणि झाले असते तरी त्यांना हवा तसा ऐसपैस, भरदार कोट तेथे मिळाला नसता. या पेढ्या तेव्हा मुख्यतः पेट्या आणि पिशव्या विकत. डॅनने आधी त्या पिशव्याच उसवून त्यांचे तुकडे कपड्यांवर लावले. ते पुरेनात, तेव्हा त्याने कातड्यावर छपाई करण्याची विद्या स्वतः हस्तगत केली आणि ती प्रतिष्ठित अक्षरे हव्या त्या आकारात, हव्या त्या दाटीने छापली. त्याने केलेली वस्त्रे मूळ पेढ्यांनी कधीच केली नव्हती. म्हणजे ज्याची नक्कल झाली असे म्हणावे, ते मूळच अस्तित्वात नव्हते. बनावट नोट छापणाऱ्यापुढे खरी नोट असते. डॅनपुढे फक्त सही होती, आणि त्या सहीखाली त्याने स्वतःचा मजकूर लिहिला.

कायद्याने हा भेद मानला नाही. कदाचित मानणे शक्यही नव्हते. १९८८ साली माइक टायसन आणि मिच ग्रीन या मुष्टियोद्ध्यांची मारामारी या दुकानासमोर झाली, बातम्यांतून दुकानाचे नाव गाजले आणि पेढ्यांच्या वकिलांना पत्ता सापडला. धाडी पडल्या, माल जप्त झाला. १९९२ साली फेंडीच्या कारवाईनंतर दुकान बंद झाले. त्या पेढीच्या वकिलांत सोनिया सोटोमायोर होत्या, ज्या २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या.

पुढचा अंक पंचवीस वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये घडला. मे २०१७ मध्ये गुचीने तेथे सादर केलेल्या वस्त्रमालिकेत फुगीर बाह्यांचे एक जाकीट होते. डॅनने १९८९ साली धावपटू डायान डिक्सन हिच्यासाठी केलेल्या जाकिटाशी त्याचे साम्य इतके उघड होते की डिक्सनने स्वतःच जुने छायाचित्र लोकांपुढे ठेवले. फक्त व्हिताँच्या अक्षरांऐवजी आता गुचीची होती. डॅनच्या कृतीला पोलीस आले होते. या कृतीला गुचीने आदरांजली म्हटले. ओरड झाली तेव्हा पेढीने डॅनशी भागीदारी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याची शिवणशाळा पुन्हा उघडली, या वेळी अस्सल गुची कापडावर. शेवट गोड झाला असे म्हणणारे म्हणोत. मधली पंचवीस वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची, हे त्या करारातून समजत नाही.

जपानी शाखेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात नक्कलच नाव होऊन बसली. १९९३ साली टोकियोच्या हाराजुकूमधील मागच्या गल्लीत ‘नोव्हेअर’ हे दुकान काढणाऱ्या दोघांपैकी एकाला सगळे ‘निगो’ म्हणत. त्याचा अर्थ ‘क्रमांक दोन’, कारण तो हिरोशी फुजिवारा या ज्येष्ठासारखा दिसे. त्याने उभ्या केलेल्या ‘बेदिंग एप’ या छापाचे वानर १९६८ च्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटातून आलेले. मोजक्याच प्रती काढायच्या आणि टंचाईतून मोल वाढवायचे, ही हाराजुकूची युक्ती पुढे सर्वांनी उचलली. हा क्रमांक दोन २०२१ साली पॅरिसच्या केंझो या पेढीचा कलासंचालक झाला.

आता वादाच्या सर्वांत बोलक्या प्रकरणाकडे येऊ. जेम्स जेबिया यांनी १९९४ साली न्यूयॉर्कच्या लाफाएत रस्त्यावर स्केटबोर्डचे दुकान काढले आणि त्याला ‘सुप्रीम’ असे नाव दिले. त्याची मुद्रा म्हणजे लाल पेटीत पांढरी, तिरपी, फ्यूचुरा वळणाची अक्षरे. फ्यूचुरा हे पाउल रेनर या जर्मन रचनाकाराचे १९२७ चे वळण. पण लाल पट्टीवरचा तिचा हा वेष बार्बरा क्रूगर या चित्रकर्तीच्या कामातून घेतलेला होता. मासिकांच्या मांडणीत उमेदवारी केलेल्या क्रूगर यांनी जाहिरातीचीच भाषा जाहिरातीवर उलटवली. देकार्तच्या विख्यात सूत्रात विचाराच्या जागी खरेदी बसवणारे त्यांचे १९८७ चे चित्र वाचकांनी पाहिले असेल. उपभोगाची टर उडवणारा वेष एका दुकानाची पाटी झाला, हा विरोधाभास एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला भडक म्हटले असते.

क्रूगर यांनी फिर्याद केली नाही. लुई व्हिताँने मात्र २००० साली आपल्या नक्षीसारख्या स्केटबोर्डांवरून सुप्रीमला कायदेशीर तंबी दिली होती. म्हणजे दुसऱ्याचे घेणे आणि त्याबद्दल दटावले जाणे या दोन्हींचा या दुकानाला अनुभव होता. तरी २०१३ साली त्याने लिया मॅक्स्वीनी यांच्यावर एक कोट डॉलर्सचा दावा लावला. मॅक्स्वीनी यांचा स्त्रियांसाठीचा छोटा छाप होता आणि २००४ पासून त्या लाल पेटीतल्या नावाला स्त्रियांसाठीची एक रूढ शिवी जोडून सदरे विकत होत्या. पुरुषी बिरादरीची ती थट्टा होती, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार जेबिया यांची तिला आरंभी संमतीही होती. ‘कॉम्प्लेक्स’ या नियतकालिकाने क्रूगर यांना मत विचारले, तेव्हा त्यांनी दोन्ही पक्षांना विदूषक ठरवणारा चार ओळींचा मजकूर पाठवला : असल्या पोरकट प्रकारांवरच आपण काम करतो, आता हे सगळे आपल्यावरही दावा लावतील याची वाट पाहत आहोत, असा त्याचा आशय. फाइलला त्यांनी ‘मूर्ख’ या अर्थाचे नाव दिले होते. दावा तडजोडीने मिटला. शब्द मॅक्स्वीनी यांच्याकडे राहिले, पेटी गेली.

अवतरण घेऊन मोठे झालेल्याने अवतरण घेण्यावर बंदी मागावी, हा मला या इतिहासातील सर्वांत खिन्न करणारा क्षण वाटतो. गॅरेजातला रचनाकार आणि पेढीचा वकील यांच्यातले अंतर येथे संपले. पुढची आकडेवारी त्याला धरूनच आहे : जानेवारी २०१७ मध्ये व्हिताँने त्याच सुप्रीमबरोबर संयुक्त मालिका पॅरिसमध्ये सादर केली; २०२० साली व्हीएफ कॉर्पोरेशनने सुप्रीम सुमारे २१० कोटी डॉलर्सना घेतले आणि २०२४ साली चष्म्यांच्या धंद्यातील एसिलोरलुक्सोटिका या समूहाला १५० कोटींना विकले. क्रूगर यांनी २०१७ च्या नोव्हेंबरात, न्यूयॉर्कच्या ‘परफॉर्मा’ या कला-द्वैवार्षिकीत, स्वतःच एक तात्पुरते दुकान थाटले. लोक रांग लावून आत जात आणि त्यांच्या अक्षरांचे टी-शर्ट, हुड्या, स्केटबोर्ड विकत घेत. ती रांग हीच कलाकृती होती.

अक्षरांबद्दल इतके झाल्यावर हुडीकडे यायला हवे, कारण तिच्या बाबतीत वाचले जाते ते अक्षर नव्हे. डोके झाकणारा हा जाड सदरा अमेरिकेत १९३० च्या दशकात ‘चॅम्पियन’ कंपनीने थंडीत राबणारे मजूर आणि खेळाडू यांच्यासाठी काढला. मुळात तो ऊब देणारा, आपल्या तान्ह्या मुलांच्या कुंचीइतकाच निरुपद्रवी. २००५ साली इंग्लंडच्या केंट परगण्यातील ब्लूवॉटर या बाजारसंकुलाने हुडी डोक्यावर ओढून वावरण्यास बंदी घातली. तेथल्या दुकानांत हुड्यांची विक्री मात्र चालू राहिली. २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लोरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णी मुलगा, वस्तीवर पहारा ठेवणाऱ्या एका रहिवाशाच्या गोळीने मेला. त्याच्या अंगात हुडी होती. एका दूरचित्रवाणी-भाष्यकाराने या मृत्यूला हुडीही तितकीच जबाबदार असल्याचे म्हटले. हजारो लोक हुडी घालून रस्त्यावर उतरले. २८ मार्चला शिकागोचे प्रतिनिधी बॉबी रश अमेरिकी काँग्रेसच्या सभागृहात बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी कोट उतरवला आणि आतल्या हुडीची टोपी डोक्यावर ओढली. पीठासीन सदस्याने हातोडा आपटला आणि त्यांना सभागृहाबाहेर नेण्यात आले. नियम, त्यांनी सांगितले, सभागृहात टोपी घालण्याविषयीचा होता.