वेरूळ बघायचं, पण झोपायचं कुठे?

हिवाळा आला की ऑफिसात एक विषय हमखास निघतो. लाँग वीकेंड, वेरूळ-अजिंठा, कोण कोण येतंय? मग लेणी कुठली बघायची यावर कोणी बोलत नाही, पहिली चर्चा राहायचं कुठे याची. आणि पाच मिनिटांत ठराव पासही होतो. छत्रपती संभाजीनगरला चांगलं हॉटेल घ्यायचं, तिथून गाडी करायची. तीसच तर किलोमीटर आहे!

उत्तर काही वाईट नाही. पण ते इतकं आपोआप येतं की मला त्याचा इतिहास शोधावासा वाटला. वेरूळ बघायला येणारा माणूस शहरात झोपायला कधीपासून लागला?

सुरुवातीपासून बघू. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध आहेत, आणि त्यातली एक सोडली (१० नंबरचं चैत्यगृह) तर बाकीचे सगळे विहार. विहार म्हणजे राहायची जागा. पावसाळ्यात भिक्षूंनी हिंडायचं नाही, एका ठिकाणी वर्षावास करायचा, हा नियम. त्यातून या खोल्या आल्या. १२ नंबरचं ‘तीन ताल’ तर चक्क तीन मजली आहे. म्हणजे आपण ज्याला ‘साइट’ म्हणतो, तिचा बराचसा भाग मुळात मुक्कामासाठीच कोरलेला आहे. पुढे तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वेरूळला आले (महानुभावांच्या ग्रंथांत त्याचं नाव एळापूर), तेव्हा तिथे दहा महिने राहिले असं महानुभाव परंपरा सांगते. आजच्या भाषेत लाँग स्टे :)

आणि ज्या शहरातून आपण वेरूळला ‘जाऊन येतो’, ते तेव्हा शहर म्हणून नव्हतंच. मलिक अंबरने खडकी वसवली १६१० साली. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. म्हणजे हे ‘बेस’ शहर कैलासपेक्षा साधारण साडेआठशे वर्षांनी लहान! तोवर वेरूळला येणारा माणूस वेरूळलाच राहत असणार, दुसरीकडे जाणार कुठे? गाव जुनं, घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग तिथे, आणि पाटीलकी भोसल्यांची.

शहर झाल्यावरही लगेच फरक पडला नाही. १७९४ मध्ये पुण्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट वेरूळला गेला. त्याच्यासाठी गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने लेण्यांची चित्रं काढली. आपल्या माणसाचं हे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि पुण्यात किती जणांना त्याचं नाव माहीत आहे? असो. मागोमाग १७९५ मध्ये जेम्स वेल्स आला, त्याच्या चित्रांवरून डॅनियल काका-पुतण्यांनी १८०३ मध्ये लंडनला मोठा चित्रसंग्रह काढला. एकेक खांब बघून, मोजून काढलेली ही कामं. रोज घोड्यावरून तीस किलोमीटर जाऊन-येऊन ती झाली असतील यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

आता खरी गंमत. १८६५ मध्ये थळ घाटातली, म्हणजे आपल्या कसारा घाटातली रेल्वे सुरू झाली आणि मुंबईहून नाशिकच्या पुढे गाडीने सलग जाता येऊ लागलं. ही जीआयपी रेल्वे. औरंगाबाद निजामाच्या राज्यात, तिथे रूळ नाहीत. मग वेरूळला जाणारा पाहुणा मनमाडच्या पुढच्या नांदगावला उतरायचा आणि टांगा करायचा. नांदगाव ते औरंगाबाद सुमारे ५६ मैल, म्हणजे ९० किलोमीटर. हा रस्ता पश्चिमेकडून येतो. नकाशा उघडून बघा : नांदगाव, शिऊर बंगला, देवगाव रंगारी, कसाबखेडा, वेरूळ. यातलं ‘शिऊर बंगला’ हे नाव मला फार आवडतं. मूळ शिऊर गाव वेगळं, आणि रस्त्यावरच्या या फाट्याला बंगला चिकटलेला. तो जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मुक्कामाचा बंगला असणार असा माझा अंदाज.

या रस्त्याने येणाऱ्याला वेरूळ आधी लागायचं आणि शहर शेवटी. त्यामुळे शहरात राहून वेरूळ करायचं ही कल्पनाच उलटी ठरायची. मुक्काम वाटेत, नाहीतर लेण्यांच्या वर डोंगरावर खुलताबादला (तेव्हाचा रौझा). तिथे हवा थंड, औरंगाबादचे लोकसुद्धा उन्हाळ्यात तिकडे जाऊन राहत.

देवगाव रंगारी आज कन्नड तालुक्यातलं, वेरूळच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवरचं बाजाराचं गाव. पर्यटक तिथे थांबत नाहीत. पण हे संत बहिणाबाईंचं जन्मगाव आहे. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, ह्या तुकोबांच्या शिष्या. जन्म १६२८, मृत्यू १७००, समाधी शिऊरला.) त्यांच्या आत्मचरित्रात आपल्या गावाचा पत्ता त्या वेरूळच्या पश्चिमेला असाच देतात. म्हणजे तेव्हाही ओळख सांगायला वेरूळच, शहर नाही.

आणि मुक्कामाचा प्रश्न या बाईंना आपल्यापेक्षा फार वेगळ्या पद्धतीने पडला होता. लहानपणीच घरच्यांना देवगाव सोडावं लागलं. पंढरपूर, कोल्हापूर असं फिरत फिरत कुटुंब तुकोबांसाठी देहूला आलं. राहायला जागा मागितली ती नेमकी मंबाजीकडे, आणि त्याने हाकलून लावलं. तरी ही मंडळी देहूतच राहिली. कीर्तन रात्री रंगतं. अंधार पडायच्या आत दुसऱ्या गावी परतणाऱ्याला ते कुठून मिळणार?

पुन्हा रस्त्यावर येऊ. १९०० च्या सुमारास निजामाची मीटर गेज लाइन मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे गेली. नांदगावचा टांगा संपला. पाहुणा आता थेट औरंगाबाद स्टेशनवर उतरू लागला आणि दिशाच फिरली. आधी शहर, मग दौलताबाद, मग खुलताबाद, मग वेरूळ, आणि संध्याकाळी परत शहर. आजच्या एक दिवसाच्या टूरचा क्रम बघा, थोड्याफार फरकाने हाच आहे. आणि देवगाव? पाहुण्याच्या वाटेवर होतं, ते पाहुण्याच्या पाठीमागे गेलं. गावाने काही केलं नाही, बिचारं जागच्या जागी होतं.

आपल्या धंद्यात याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. कोणीतरी कधीतरी एका कारणासाठी लावलेलं असतं, कारण संपतं, सेटिंग राहतं. मनमाड लाइन ब्रॉडगेज झाली, रस्ते चौपदरी झाले, समृद्धी महामार्ग आला, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आणि आपण अजून १९०० सालच्या स्टेशनवर उतरल्यासारखे वागतोय.

बरं, याने बिघडतं काय? तर दोन गोष्टी. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी कैलासचं दर्शनी तोंड सावलीत असतं, आणि दुपार कलायला लागली की ऊन समोरून येतं. दगडाचा रंग बदलतो ते तेव्हा. पण एक दिवसाच्या टूरला त्याच वेळी परतीचे वेध लागतात, कारण बिबी का मकबरा आणि पाणचक्की अजून बाकी असते. ३४ लेणी तीन तासांत ‘करून’ माणसं गाडीत बसतात. जैन लेणी (३० ते ३४) बहुतेकांची राहतातच, ती टोकाला आहेत ना.

दुसरी गोष्ट पैशाची. रात्रीचं भाडं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता सगळं शहरात. वेरूळ गावाच्या वाट्याला काय, तर चहा, पार्किंग आणि काकडी. लेणी ज्यांच्या दारात, त्यांच्याकडे पाहुणा झोपत नाही.

शहरात राहण्याच्या बाजूने बोलायला जागा आहे, नाही असं नाही. बरोबर म्हातारे आई-बाबा असतील, लहान मूल असेल, तर डॉक्टर आणि लिफ्ट जवळ असलेली बरी. रात्री दहानंतर नान-खलिया खायचाय? शहरच. आणि खुद्द शहर बघायचं असेल तर प्रश्नच मिटला. पण फक्त वेरूळसाठी जाणार असाल तर एक रात्र वेरूळला किंवा खुलताबादला काढा. दुपारनंतर कैलास, दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दीच्या आधी बौद्ध आणि जैन लेणी.

अजिंठ्याचं गणित याहून सोपं आहे. ते शहरापासून शंभर किलोमीटर, जळगावपासून साठच्या आसपास, आणि पायथ्याशी फर्दापूर. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आल्या, बरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार. त्यांनी तंबू ठोकले ते फर्दापूरला. त्यामुळे वेरूळ आणि अजिंठा एकाच हॉटेलातून ‘कव्हर’ करायचा हट्ट सोडलेला बरा.

नाशिक-मनमाडकडून गाडीने येणार असाल तर नांदगाव-देवगाव रस्ता अजून आहे. देवगावला चहाला थांबा, तिथून वेरूळ अर्ध्या-पाऊण तासावर. फक्त वार बघून निघा : मंगळवारी वेरूळ बंद असतं, सोमवारी अजिंठा.