वर्डप्रेसमधील स्वयंचलित चाचण्या

वर्डप्रेस ही संकेतस्थळ-प्रकाशनाची प्रणाली आणि तिच्यासाठी लिहिलेली प्लगइन व थीम अपेक्षेप्रमाणे वागतात की नाही, हे संगणकाकडूनच वारंवार तपासून घेण्याची पद्धत. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी 2003 मध्ये सुरू केलेली ही प्रणाली पीएचपी भाषेत असल्याने तिच्या चाचण्या मुख्यतः सेबास्टियन बर्गमन यांच्या ‘पीएचपीयुनिट’ या चाचणी-चौकटीवर चालतात. वापरकर्ता उतरवून घेतो त्या झिप फाइलमध्ये या चाचण्या नसतात. त्या विकासकांच्या वेगळ्या कोडसाठ्यात असतात.

प्लगइनसाठी मांडणी करायची तर ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ या आज्ञा-ओळीच्या साधनाची एक आज्ञा पुरते. तिने पीएचपीयुनिटची सेटिंग, नमुना चाचणी आणि एक शेल स्क्रिप्ट तयार मिळते. स्क्रिप्टला डेटाबेसचे नाव, युजर व पासवर्ड दिला की ती वर्डप्रेस आणि चाचणी-संच उतरवून घेते. इथे द्यायचा डेटाबेस रिकामा व स्वतंत्रच हवा. दर वेळी संच सुरू होताना ठरलेल्या उपसर्गाची सगळी टेबले पुसून वर्डप्रेस नव्याने बसवले जाते. चालू साइटचा डेटाबेस दिला आणि उपसर्गही तोच असला, तर मजकूर गेलाच म्हणायचा. नमुना कॉन्फिग फाइलमध्ये ‘इशारा’ हा शब्द लागोपाठ तीनदा छापला आहे, तो उगीच नव्हे.

या संचाची खरी करामत प्रत्येक चाचणीनंतरच्या आवराआवरीत आहे. चाचणी सुरू होताना डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडते व संपताच ते मागे फिरवले जाते. मधल्या काळात तयार झालेले लेख, सदस्य, टिप्पण्या नाहीशा होतात. यासाठी टेबले ‘इनोडीबी’ प्रकारची लागतात. नवे टेबल बनवणारी आज्ञा मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत ट्रान्झॅक्शन परस्पर पक्के करून टाकते, म्हणून संच ती मध्येच अडवून तात्पुरते टेबल बनवायला लावतो. ईमेल खरोखर जात नाही, नकली मेलरपाशीच थांबतो. एरवी पान तिथल्या तिथे बंद करणारे फंक्शन इथे अपवाद फेकते, त्यामुळे पुढच्या चाचण्या अडत नाहीत. तात्पुरत्या टेबलांची युक्ती माहीत नसलेला नवखा आपल्या प्लगइनचे टेबल डेटाबेसच्या यादीत शोधत बसतो. तात्पुरती टेबले त्या यादीत दिसतच नाहीत.

काय तपासावे, याचे मराठी संकेतस्थळांना जवळचे उदाहरण लेखाच्या दुव्याचे. शीर्षकापासून बनणारा दुव्याचा तुकडा डेटाबेसमध्ये 200 अक्षरांच्या रकान्यात राहतो. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइटचे असते आणि टक्के-चिन्हांच्या सांकेतिक रूपात 9 अक्षरे व्यापते. म्हणजे ‘पाऊस’ या 4 चिन्हांच्या शब्दाला 36 अक्षरे लागतात आणि सलग शीर्षक 22 चिन्हांनंतर तुटते. दोन लेखांची लांब शीर्षके सारखी निघाली तर दुसऱ्याला जोडायच्या ‘-2’साठी तुकडा आणखी कापावा लागतो, तोही चिन्ह अर्धवट न तोडता. दुवे हाताळणारे प्लगइन केवळ इंग्रजी शीर्षकांवर तपासले, तर या वाटेवरची चूक सापडण्याची शक्यता नाही. संचातली ‘फॅक्टरी’ एका ओळीत लेख बनवून देते. असे दोन मराठी लेख बनवून दोन्ही दुवे पडताळले की चाचणी झाली. वर्डप्रेसचे स्वतःचे फंक्शन मात्र पुन्हा तपासत बसू नये. ते काम मूळ प्रकल्पात झालेले असते.

पीएचपीयुनिटच्या आवृत्त्या बदलल्या की जुन्या चाचण्या मोडत. 8व्या आवृत्तीने तयारीच्या व आवरण्याच्या फंक्शनांवर परताव्याच्या प्रकाराची सक्ती केल्यावर ही अडचण तीव्र झाली. 2022 साली आलेल्या वर्डप्रेस 5.9 पासून आवृत्त्यांमधला फरक सांधणारा ‘पॉलिफिल्स’ हा जोडसंच आवश्यक ठरला आणि त्या फंक्शनांची नावे अधोरेखेने जोडलेली झाली. जालावरच्या जुन्या मार्गदर्शिका इथेच दगा देतात.

मूळ प्रकल्पात कोड बदलला की गिटहब ॲक्शन्सवर पीएचपीच्या अनेक आवृत्त्या, मायएसक्यूएल व मारियाडीबी यांच्या जोड्यांवर संच चालतो. एकाच स्थापनेत अनेक साइट असण्याची स्थितीही वेगळी तपासली जाते. ब्राउझर उघडून बटणे दाबणाऱ्या चाचण्या ‘प्लेराइट’ने होतात, पण त्या संथ असतात. एजॅक्सच्या (पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवण्याच्या) आणि बाहेरच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या चाचण्या एरवी वगळलेल्या असतात. त्या चालवायच्या तर गटाचे नाव मुद्दाम द्यावे लागते.