उन्मादाला जोडीचे औषध

कधी अनावर उन्माद, तर कधी गाढ विषण्णता, अशा दोन टोकांमध्ये माणसास हेलकावे देणाऱ्या रोगास द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. धाराशिव जिल्हा निजामाच्या अमलात होता, तेव्हा त्या राज्याचे मनोरुग्णालय जालन्यास होते. १९५३ साली ते हैदराबादेस हलविण्यात आले. त्याच सुमारास उन्मादाच्या उपचारांचे रूप जगभर पालटू लागले होते.

त्या पालटाचा एक धागा भारतातलाच होय. सर्पगंधेच्या मुळीने वेडाचा भर ओसरतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. परंतु त्याने काही रोगी विषण्ण होतात, असे दिसून आले. एका टोकावरून ओढलेला रोगी दुसऱ्या टोकाकडे लोटला जावा, हे काही बरे होणे नव्हे!

१९४९ मध्येच ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखविला. ते मन दीर्घकाळ सावरून धरते, पण गुण येण्यास दिवस लागतात. १९५२ मध्ये पॅरिसला पुढे आलेले क्लोरप्रोमझिन उन्माद लवकर शमविते. म्हणूनच अशा दोन औषधांची सांगड घालण्यात येऊ लागली.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, लिथियम अथवा व्हॅल्प्रोएट घेऊनही उन्माद पुरता न ओसरलेले ३४४ रोगी होते. ओलान्झापिनची जोड मिळालेल्यांपैकी शेकडा ६८ जणांस सहा आठवड्यांत चांगला उतार पडला. जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ४५ होते. मात्र जोडीमुळे वजन सरासरी तीन किलोंनी वाढले. प्रत्येक जोडीची किंमत ही अशी निराळी असते. क्वेटियापिनने झोप फार येते, पण ते विषण्णतेवरही चालते. हॅलोपेरिडॉलने अंग ताठरते. अ‍ॅरिपिप्राझोलने वजन फारसे वाढत नाही, पण काहींना एका जागी बसवत नाही.

तेव्हा, सर्वांत श्रेष्ठ औषध कोणते, हा प्रश्नच अपुरा आहे; ते कोणासाठी, हेही विचारले पाहिजे. धाराशिवसारख्या अवर्षणग्रस्त मुलखात, वैशाखाच्या उन्हात राबणाऱ्याच्या अंगातील पाणी आटले, की रक्तातील लिथियम वाढून विषासमान होऊ शकते. तेथे पुरेसे पाणी आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी यांचे मोल गोळीहून कमी नाही. आणि उन्माद शमला म्हणजे रोग गेला, असे समजून औषध परस्पर थांबविणारे घर सर्पगंधेच्या काळातील चूकच पुन्हा करते. त्याची दृष्टी एकाच टोकावर खिळलेली असते.