द्राक्षमद्याचे पिंप आणि जपानी व्हिस्कीची व्याख्या

द्राक्षमद्याच्या पिंपात अखेरचे काही महिने मुरवलेली जपानी व्हिस्की चाखणाऱ्यास बहुधा प्रथम जाणवतो तो मनुकांचा गंध, मग व्हॅनिलाचा गोडवा आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. ही पद्धत आज आधुनिक प्रयोग म्हणून मिरवली जाते. जपानच्या व्हिस्कीच्या इतिहासात मात्र द्राक्षमद्याचे पिंप अगदी आरंभीच भेटते.

ओसाकाचे व्यापारी शिंजिरो तोरी यांनी १९०७ मध्ये ‘आकादामा’ हे गोड द्राक्षमद्य बाजारात आणले. लिक्योरसाठीचे काही अल्कोहोल द्राक्षमद्याच्या पिंपांत तसेच पडून राहिले. काही वर्षांनी पाहिले, तर त्याला पिंगट रंग आणि मृदू चव आली होती. १९१९ मध्ये ते ‘तोरिस’ या नावाने विकले गेले, असे कंपनीच्या परंपरेत सांगतात.

पिंपात घडले काय? ओकमधील लिग्निनच्या विघटनातून व्हॅनिलिन तयार होते. पिंप शेकताना हेमिसेल्युलोजपासून कॅरॅमलसारखे घटक बनतात. टॅनिनमुळे रंग आणि तुरटपणा येतो. शिवाय लाकडात आधीचे द्राक्षमद्य मुरलेले असते; तीव्र अल्कोहोल तेही ओढून घेते. पिंपाच्या फळ्यांतून शिरणाऱ्या हवेतील ऑक्सिजनमुळे नवे सुगंधी घटक निर्माण होतात.

तरीही ‘तोरिस’ ही खरी व्हिस्की नव्हती. माल्टचे किण्वन आणि तांब्याच्या भट्टीतील ऊर्ध्वपातन यांतून येणारी चव कोणतेही पिंप देऊ शकत नाही. ते ज्ञान आणले मासाताका ताकेत्सुरू यांनी. साके बनवणाऱ्या घराण्यातील हा तरुण १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेला, ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकला, भट्ट्यांवर उमेदवारी केली आणि प्रत्येक कृती वहीत टिपून १९२० मध्ये परतला. त्याच्या साहाय्याने तोरींनी १९२३ मध्ये क्योटोजवळ यामाझाकी येथे डिस्टिलरीची उभारणी सुरू केली. तिची पहिली व्हिस्की १९२९ मध्ये बाजारात आली. पुढे ताकेत्सुरू वेगळे झाले आणि १९३४ मध्ये त्यांनी होक्काइडोतील योइची येथे स्वतःची डिस्टिलरी स्थापन केली.

‘जपानी व्हिस्की’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र शतकभर मोकळाच राहिला. परदेशी स्पिरिट मिसळूनही ते नाव लावता येत असे. अखेर तेथील उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये मानक ठरवले आणि ते २०२४ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यानुसार माल्टचा वापर अनिवार्य आहे. किण्वन व ऊर्ध्वपातन जपानमध्येच व्हावे आणि लाकडी पिंपांत किमान ३ वर्षे मुरवणही तेथेच व्हावी. हा कायदा नव्हे, उत्पादकांनी स्वतःवर घालून घेतलेले बंधन आहे.

हा प्रश्न आपल्याही दाराशी उभा आहे. भारतात व्हिस्की म्हणून विकले जाणारे बरेचसे पेय उसाच्या मळीच्या स्पिरिटवर आधारलेले असते. युरोपीय संघाच्या नियमांत ते व्हिस्की ठरत नाही. दुसरीकडे, बंगळुरूच्या ‘अमृत’ने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये सादर केली ती ग्लासगोतच. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य उडून जाते, तर बंगळुरूच्या उष्ण हवेत १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मुरवणीची वर्षे सर्वत्र सारखी मोजता येत नाहीत.

म्हणून बाटलीवर ‘द्राक्षमद्याच्या पिंपातील’ असे शब्द दिसले, तर पिंपाआधीचे प्रश्न विचारावेत: स्पिरिट कशाचे, ते कोठे गाळले आणि किती वर्षे मुरवले? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी घोटभरही मद्य घ्यावे लागत नाही.