कीड गेली, नस गेली, तरी ठणका का?

नांदेड-लातूरकडं आजही दाढ दुखली की ‘कीड लागली’ म्हणतात. या साध्या शब्दात एक जुना सिद्धान्त दडलाय : दातात किडा असतो, तो पोखरतो, म्हणून दुखतं. मग उपायही तसाच. बांधावरच्या भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या आणि दाढेला धुरी द्यायची.

वाग्भट याला ‘कृमिदंत’ म्हणतो. ‘अष्टांगहृदया’त तो सांगतो, दात हलत नसेल तर पोकळीत गूळ किंवा मेण भरून डाग द्यावा. कल्पना किड्याची, पण डागण्यानं मरत असेल तर आतली नस! कारण चुकीचं आणि उपाय थोडाफार लागू, असं वैद्यकात पुष्कळदा झालंय. युरोपातही हा किडा होताच. 1728 साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं आपल्या ग्रंथात तो नाकारला.

रूट कॅनालमध्ये तर डॉक्टर नसच काढतात. तरी रात्री ठणका लागतो. जे उरलंच नाही ते दुखतं कसं? प्रश्न आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गातला वाटतो, उत्तर मात्र शरीरात आहे. दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो, त्याला स्वतःच्या नसा असतात. आतली साफसफाई करताना मुळाच्या टोकाशी तो डिवचला जातो, सुजतो. म्हणून चावताना कळ येते. पहिले एक-दोन दिवस जास्त, मग आठवडाभरात बहुधा उतरते.

म्हणजे औषध हवं ते सूज आणि वेदना कमी करणारं. आयबुप्रोफेन ब्रिटनमध्ये 1969 साली बाजारात आलं. ते पॅरासिटॅमॉलच्या जोडीनं चांगलं लागू पडतं. अल्सर, किडनीचा विकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊ नये.

आणि आपण मेडिकलवर जाऊन काय मागतो? ‘अँटिबायोटिक द्या, दोन दिवसांचं.’ अहो, हा तोच जुना किडा! नुसत्या ठणक्याला अँटिबायोटिक उतारा नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं 2019 साली दातदुखीच्या बहुतेक रुग्णांना ते देऊ नये असंच सांगितलं. धुरीनं फार तर ठसका लागायचा. या गोळ्या उगाच खाल्ल्या तर जंतू त्यांना सरावतात. ताप आला, गाल सुजला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दुखणं अंगावर काढायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.